पाणबुडी ऐकू कशी येते?

९ डिसेंबर १९७१च्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात, ‘आयएनएस खुकरी’ ही भारतीय फ्रिगेट पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. खुकरी पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेलं जहाज होतं आणि पाणबुडीच्या शोधातच निघालं होतं. तरी पाणबुडीला जहाज आधी कळलं. फ्रेंच बनावटीच्या हंगोरचं ऐकण्याचं साधन खुकरीच्या जुन्या ब्रिटिश सोनारपेक्षा, म्हणजे पाण्यात आवाजानं शोध घेणाऱ्या यंत्रापेक्षा, कितीतरी दूरचं ऐकत होतं.

त्या रात्रीच्या शौर्याबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. जहाजाला ऐकू का आलं नाही, या प्रश्नावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. त्याचं उत्तर पाण्याच्या स्वभावात आणि थोड्या गणितात आहे. त्यातलं बरंचसं गणित विद्यापीठांत घडलं आणि त्यात पुणे-लोणावळ्याशी नातं असलेली दोन माणसं आहेत.

आधी पाण्याचं बघू. हवेत विमान शोधायला रडार असतं, म्हणजे रेडिओलहरी सोडायच्या आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपायचा. समुद्राचं खारं पाणी वीजवाहक असल्यामुळे रडारच्या लहरी त्यात शिरल्या शिरल्या विरून जातात. पाण्यात लांब पोचतो तो आवाज. म्हणून तिथे सोनार. तत्त्व दोन्हीकडे एकच, पण आकडे पाहिले की दोन वेगळी जगं दिसतात. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते, पाण्यातला आवाज साधारण दीड किलोमीटर. दहा किलोमीटरवरच्या विमानाचा प्रतिध्वनी रडारला सेकंदाच्या सुमारे पंधरा-हजाराव्या भागात मिळतो. तेवढ्याच अंतरावरच्या पाणबुडीचा प्रतिध्वनी यायला तेरा सेकंदांहून जास्त लागतात. सोनारवाल्याचं निम्मं आयुष्य वाट पाहण्यात जातं.

जुन्या पद्धतीचे सोनार टॉर्चच्या झोतासारखे एका वेळी एकाच दिशेला बघायचे. झोत दहा अंशांचा धरला तर पूर्ण वर्तुळ फिरायला ३६ वेळा आवाज सोडायचा आणि दर वेळी तेरा सेकंद थांबायचं. एक फेरी झाली की जवळजवळ आठ मिनिटं संपलेली. तेवढ्या वेळात पाणबुडी कुठल्या कुठे गेलेली असते.

बरं, आवाज पाण्यात सरळही जात नाही. पाणी एक अंशानं थंड झालं की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटरनं घटतो. लहरीचा वरचा भाग कोमट पाण्यात भरभर आणि खालचा भाग थंड पाण्यात सावकाश चालला, तर लहर हळूहळू खाली वळते. वरचं पाणी उन्हानं तापलं की जहाजाचा आवाज खाली दडपला जातो आणि थोड्या अंतरापलीकडे एक सावलीचा पट्टा तयार होतो. तिथे काहीच पोचत नाही. १९३७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘सेम्स’ या जहाजावर हे कोडं समोर आलं: सकाळी नीट चालणारा सोनार दुपारी कमजोर व्हायचा. यंत्र ठणठणीत होतं. वुड्स होलच्या सागरविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पाण्याचं तापमान खोलीनुसार मोजलं, तेव्हा कळलं की दुपारच्या उन्हात पृष्ठभागाचं पाणी तापतं आणि आवाज खाली झुकतो. पुढे एमआयटी आणि वुड्स होलशी संबंधित ॲथलस्टन स्पिलहॉस यांनी चालत्या जहाजावरून पाण्यात सोडता येईल असं तापमानाचा आलेख काढणारं उपकरण बनवलं आणि दुसऱ्या महायुद्धात ते जहाजाजहाजांवर गेलं. पाणबुडीवाल्यांनीही धडा घेतला. कोमट थराच्या खाली उतरलं की लपता येतं, हे त्यांना पाठ झालं. आपला अरबी समुद्र उष्ण कटिबंधातला. वरचा थर कोमट, खाली तापमान झपाट्यानं उतरतं आणि ती सीमा ऋतूप्रमाणे वरखाली सरकत राहते. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यासाठी बनवलेलं यंत्र इथे तसंच्या तसं चालेल, असं मानण्यातच चूक होती.

त्यात समुद्र कमालीचा गोंगाटी. युद्धकाळात कॅलिफोर्निया विद्यापीठाचा एक विभाग सॅन डिएगोत पाण्याखालच्या आवाजांचा अभ्यास करत होता. किनाऱ्याजवळच्या कोमट, उथळ पाण्यात सतत ऐकू येणारी तडतड कसली, याचा शोध घेताना ती एका जातीच्या कोळंबीची निघाली. नांगी झटकन मिटून ती फटाकड्यासारखा आवाज काढते आणि अशा लाखो कोळंब्या एका वेळी वाजत असतात. त्याच मंडळींना खोल समुद्रात एक ‘खोटा तळ’ही सापडला. सोनारला तो दिवसा काही शे मीटर खाली दिसायचा आणि रात्री वर यायचा. रात्री वर चढणाऱ्या आणि दिवसा खाली जाणाऱ्या जीवांचा तो थर होता, हे स्क्रिप्स संस्थेच्या मार्टिन जॉन्सन यांनी दाखवलं. पाणबुडी शोधायला निघालेल्या लोकांनी जीवशास्त्राला मोठा ठेवा दिला, तो असा.

हे सगळं ऐकल्यावर पहिला उपाय सुचतो तो म्हणजे आवाज वाढवा. तो फारसा चालत नाही, आणि का चालत नाही हे कळलं की या विषयाचं निम्मं मर्म कळतं.

आवाज जाताना सगळीकडे पसरतो आणि पाणबुडीवर आपटून परत येतानाही पसरतो. त्यामुळे अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनीची ताकद सोळावा भाग उरते. पल्ला दुप्पट करायला सोळापट शक्ती ओतावी लागणार. शिवाय जहाजाच्या तळाशी ठरावीक मर्यादेपलीकडे जोर लावला तर पाणीच फाटतं, बुडबुडे होतात आणि शक्ती त्यातच वाया जाते. समजा ओतली सोळापट शक्ती, तरी समुद्रातले बुडबुडे, मासे, लाटा आणि तळ यांचे प्रतिध्वनीही तितक्याच पटीनं वाढतात. पाणबुडीचा क्षीण आवाज त्या गदारोळात पहिल्याइतकाच बुडालेला राहतो. आणि आपण घातलेली हाक पाणबुडीला एकाच फेरीत पोचते. आपल्याला मात्र जाऊन परत आलेला उरलासुरला आवाज ऐकायचा असतो. मोठ्यानं ओरडणारा स्वतःचाच पत्ता सांगतो. यात जहाजाच्या वेगाचीही भर पडते. जहाज वेगात असलं की तळाशी घासणाऱ्या पाण्याचा आणि स्वतःच्या पंख्याचा आवाज सोनारचे कान बंद करतो. हळू चाललं तर ऐकू येतं, पण मग टॉर्पेडोसाठी निशाणा सोपा होतो.

म्हणून खरी सुधारणा ऐकण्यात करावी लागते. मिळालेल्या गोंगाटातून आपल्याला हवा तेवढाच धागा वेगळा काढण्याच्या या शास्त्राला सिग्नल प्रोसेसिंग म्हणतात.

त्यातली पहिली मोठी कल्पना अशी: आपण काय पाठवलं होतं, हे आपल्याला माहीत असतं. मग जे काही ऐकू येईल त्यात तीच खूण शोधायची. गजबजलेल्या एसटी स्टँडवर दहा कंडक्टर ओरडत असताना आपल्या गावाचं नाव तेवढं कानात शिरतं, कारण कान त्याच शब्दाची वाट पाहत असतात. १९४३ साली आरसीए कंपनीतल्या डी. ओ. नॉर्थ यांनी रडारसाठी हे गणितानं सिद्ध केलं: विस्कळीत गोंगाटात ठाऊक असलेला सिग्नल शोधायचा असेल, तर मिळालेल्या लहरीवर मूळ लहरीची प्रत सरकवत न्यायची आणि दर जागी दोन्हींचा गुणाकार करून बेरीज घ्यायची. जिथे जुळेल तिथे बेरीज उसळते. याहून चांगली चाळणी तशा परिस्थितीत बनवताच येत नाही.

मग खूण कशी असावी? १९५३ मध्ये आर. एच. बार्कर यांनी सुचवलेला तेरा चिन्हांचा क्रम बघा: पाच अधिक, दोन उणे, दोन अधिक, एक उणे, एक अधिक, एक उणे, एक अधिक. या क्रमावर त्याचीच प्रत नेमकी ठेवली तर गुणाकारांची बेरीज तेरा येते. एक घर जरी सरकवलं तरी ती शून्य किंवा एकाच्या वर जात नाही. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि मजा येते. याचा उपयोग असा की आवाज तेरापट लांब ठेवता येतो, म्हणजे जोर न वाढवता तेरापट ऊर्जा पाण्यात जाते. तरी प्रतिध्वनीची जागा मात्र एका छोट्या तुकड्याइतक्या अचूकतेनं कळते. सोनारमध्ये बरेचदा याऐवजी हळूहळू चढत जाणारा सूर वापरतात. तत्त्व तेच.

दुसरी कल्पना दिशेची. एका कानानं आवाज आहे की नाही एवढंच कळतं, कुठून आला ते कळत नाही. म्हणून पाण्यातले मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, रांगेनं लावतात. समजा आवाज साडेसात किलोहर्ट्झचा आहे. त्याची तरंगलांबी वीस सेंटीमीटर. हायड्रोफोन त्याच्या निम्म्या, म्हणजे दहा सेंटीमीटर अंतरावर, असे सोळा. आवाज अगदी समोरून आला तर सोळांनाही एकाच क्षणी पोचेल. तीस अंश तिरका आला तर दर पुढच्या हायड्रोफोनला सेकंदाच्या ३३ दशलक्षांश भागाइतका उशीर होईल. आता यंत्रात प्रत्येक हायड्रोफोनचा आवाज तेवढाच मागेपुढे करून सगळे एकत्र मिळवले, तर तीस अंशांवरून आलेला आवाज सोळापट होतो. सुटासुटा गोंगाट मात्र एकमेकांना काटत जातो आणि चौपटच वाढतो. काहीही न हलवता रांगेनं तीस अंशांकडे कान टवकारले. आणि नोंदलेला आवाज तोच असल्यामुळे तीसही बघता येतं, एकतीसही, आणि सगळ्या दिशा एकाच वेळी. म्हणजे आठ मिनिटांची फेरी संपली. एकदा आवाज सोडा आणि चहूकडचं एकदम ऐका.

नेमकं याच टप्प्यावर आपल्याकडची गोष्ट सुरू होते. आरोग्यस्वामी पॉलराज हे तमिळनाडूतल्या पोल्लाचीचे. शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात. नौदलानं त्यांना आयआयटी दिल्लीत एम.टेक.साठी पाठवलं. तिथे प्रा. पी. व्ही. इंदिरेसन यांनी त्यांची गणिताची झेप पाहून पीएच.डी. करू द्या म्हणून नौदलाकडे आग्रह धरला, आणि १९७३ मध्ये ती पूर्ण झाली. मधे खुकरी गेली होती. युद्धानंतर इंदिरेसन आणि पॉलराज यांनी ताफ्यातल्या ब्रिटिश बनावटीच्या १७०बी सोनारवर काम सुरू केलं. पाण्यात बसवलेला भाग तोच ठेवून, ऐकलेल्या आवाजावर प्रक्रिया करणारा भाग बदलायचा. ती सुधारणा नौदलानं स्वीकारली.

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे. विद्यापीठ आणि संरक्षण यांच्या सहकार्याचे करार होतात, फिती कापल्या जातात, अहवाल कपाटात जातात. इथे उलट झालं. सोनारची अडचण ज्याला नुसती पुस्तकातून कळली नव्हती, असा माणूस प्रश्न घेऊन वर्गात बसला होता. आणि त्याला फक्त नोकरीपुरतं शिकवून परत पाठवणार नाही, असं म्हणणारा शिक्षक भेटला. ही जोडी जमली नसती तर करार कितीही झाले असते तरी उपयोग नव्हता.

मधला काही काळ पॉलराज पाण्याखालच्या ध्वनिशास्त्रासाठी नावाजलेल्या इंग्लंडच्या लाफबरो विद्यापीठात होते. मग कोचीच्या नौदल भौतिकी आणि सागरविज्ञान प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीओएलमध्ये, त्यांच्या नेतृत्वाखाली ‘अप्सोह’ हा चहूकडे ऐकणारा, जहाजाच्या तळाशी बसणारा सोनार तयार झाला. उत्पादन भारत इलेक्ट्रॉनिक्सनं केलं. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या गोदावरी वर्गाच्या फ्रिगेटींवर तो बसला. पुढे आलेल्या ‘हम्सा’ सोनारचा पाया तोच.

पण सोळा हायड्रोफोनांच्या रांगेला एक मर्यादा आहे. दीड-पावणेदोन मीटर लांबीच्या त्या रांगेचा ‘झोत’ साधारण सात अंश रुंद असतो. दहा किलोमीटरवर सात अंश म्हणजे सव्वा किलोमीटर. तेवढ्या पट्ट्यात दोन पाणबुड्या असल्या तरी एकच ठिपका दिसणार. रांग लांब केली तर झोत अरुंद होतो, पण जहाजाची लांबी कुठून वाढवणार? रडारच्या अँटेनाचंही हेच दुखणं.

यावरचा तोडगा अवघड वाटतो, पण गाभा समजण्यासारखा आहे. सोळा हायड्रोफोनांच्या प्रत्येक जोडीचं ऐकलेलं एकमेकांशी किती जुळतं, याचा १६ बाय १६चा तक्ता करायचा. त्या तक्त्याची गणितानं फोड केली की सोळा स्वतंत्र नमुने मिळतात. समुद्रात दोनच खरे स्रोत असतील, तर दोन नमुने ठळक येतात आणि उरलेले चौदा गोंगाटाच्या पातळीवर सपाट पडतात. म्हणजे स्रोत किती आहेत ते मोजून झालं. आता खऱ्या स्रोताच्या दिशेमुळे होणाऱ्या उशिरांचा नमुना त्या चौदांशी पूर्ण काटकोनात असलाच पाहिजे, म्हणजे दोन्हींच्या गुणाकारांची बेरीज शून्य आली पाहिजे. एकेक दिशा घेऊन काटकोन कुठे जमतो ते तपासायचं. गोंगाट फार नसेल आणि नोंद पुरेशी लांब असेल, तर सात अंशांच्या आतले दोन स्रोतही वेगळे दिसतात. ही ‘म्युझिक’ नावाची पद्धत राल्फ श्मिट यांनी १९७९ मध्ये मांडली.

तिची खोड अशी की प्रत्येक हायड्रोफोनची जागा आणि संवेदनशीलता अगदी काटेकोर माहीत लागते, आणि दिशा एकेक करून तपासण्यात गणनाही फार जाते. १९८३ साली पॉलराज स्टॅनफर्डला थॉमस कैलाथ यांच्या गटात गेले. कैलाथ पुण्याचे. जन्म १९३५, इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, १९५६ची पदवी, मग १९६१ मध्ये एमआयटीची डॉक्टरेट. कैलाथ, पॉलराज आणि विद्यार्थी रिचर्ड रॉय यांनी ‘एस्प्रिट’ ही पद्धत शोधली. रांगेचे दोन हुबेहूब भाग करायचे, एक दुसऱ्यापासून ठरावीक अंतरावर सरकवलेला. मग पहिल्या भागानं ऐकलेलं आणि दुसऱ्यानं ऐकलेलं यात प्रत्येक स्रोतापुरता फरक एवढाच, की लहर थोडी फिरलेली असते. किती फिरली तेवढं काढलं की दिशा हातात. दिशा चाचपत बसायला नको आणि एकेका हायड्रोफोनची जन्मकुंडलीही नको.

ही पद्धत उघडपणे प्रसिद्ध झाली, जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. विद्यापीठाची बाजू हीच: पद्धत सगळ्यांची, पण ती कुठल्या जहाजावर, कुठल्या वारंवारतेला, किती खोलीवर वापरली ते गुप्त. ही रेघ नेहमी इतकी स्वच्छ नसते. मिशिगन विद्यापीठाच्या विलो रन प्रयोगशाळेत विमानातून जमिनीची बारीक चित्रं काढणाऱ्या रडारवर मोठं काम झालं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात विद्यार्थी त्याविरोधात उभे राहिले आणि १९७२ मध्ये विद्यापीठानं ती प्रयोगशाळा वेगळी करून टाकली. विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त होता. त्याच रडारची पुढची पिढी आज उपग्रहांवरून पूर आणि भूस्खलनं मोजते, हेही खरं.

पॉलराज १९९१ मध्ये नौदल सोडून पुन्हा स्टॅनफर्डला गेले. अनेक अँटेनांनी सिग्नल सुटे करण्याचं तेच काम करताना त्यांच्या लक्षात आलं की भिंती-इमारतींवर आपटून विखुरलेल्या लहरी अडथळा न ठरता मदत करतात. प्रत्येक अँटेनाची लहर वेगळ्या वाटेनं येते, म्हणून एकाच वारंवारतेवरचे दोन संदेशही वेगळे काढता येतात. मग मुद्दामच अनेक अँटेनांनी वेगवेगळे संदेश एकदम का पाठवू नयेत? १९९२ मध्ये त्यांनी आणि कैलाथ यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९९४ मध्ये ते मिळालं. आज त्याला मायमो म्हणतात. वायफाय, ४जी आणि ५जी त्यावर चालतात. मोबाइलमधून ती कल्पना नंतर रडारवाल्यांनी परत उचलली, आणि गाड्यांच्या पुढच्या बंपरमधल्या छोट्या रडारमध्येही ती सापडते.

हे सगळं करून बघायला नौदलाची परवानगी लागत नाही. लॅपटॉपला दोन मायक्रोफोन जोडा, मधे वीस सेंटीमीटर अंतर ठेवा, सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या वेगानं रेकॉर्ड करा. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. म्हणजे अगदी बाजूनं टाळी वाजवली तर दोन नोंदींत साधारण २८ नमुन्यांचा फरक येईल. एक नोंद दुसरीवर सरकवत गुणाकारांची बेरीज काढा. जिथे बेरीज सर्वांत मोठी, तो उशीर, आणि त्यावरून कोन. पायथनमध्ये वीसेक ओळी पुरतात. मग टाळीऐवजी दोन किलोहर्ट्झची सलग शिट्टी वाजवून बघा. बेरीज एकाच जागी न उसळता ठरावीक अंतरांनी पुन्हा पुन्हा उसळेल, आणि खरी दिशा कोणती ते सांगता येणार नाही. शिट्टीची तरंगलांबी सतरा सेंटीमीटर आणि मायक्रोफोन वीसवर. मायक्रोफोन आठ सेंटीमीटरवर आणा. बेरजेची शिखरं अजूनही बरीच असतील, पण शक्य तेवढ्या उशिरात बसणारं एकच उरेल.